घेवडा चढलेली फ्रेम

मारोस्तिका,
मंगळवार, दुकान बंद करून

तीर्थरूप नोएमी आत्या,

दोन्ही गालांवर एकेक पापा, आणि बोर्तोलो आतोबांना वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? काळी कोंबडी अजून रुसलेलीच आहे का? आम्ही सगळे ठीक. मिरेलाचा खोकला गेला, जिभेची धार आहे तशीच आहे. आतोबा हे पत्र नेहमीप्रमाणे चुलीपाशी बसून तुला मोठ्याने वाचून दाखवत असतील. (आतोबा, कंस गाळू नका. मुद्द्याच्या गोष्टी मी कंसातच लिहितो.)

पत्रास कारण ती जुनी सायकलीची फ्रेम. गेल्या शरदात तुझ्या मळ्यात घेवड्याचा वेल जिच्यावर चढला होता आणि शेंगा संपेपर्यंत जिला तू हात लावू दिला नाहीस, तीच. कुणाची म्हणून विचारलं तेव्हा तू आधी म्हणालीस, कुणी वाटसरू टाकून गेला. मग म्हणालीस, शेजाऱ्याची. आणि मक्याचा पोलेंता वाढताना म्हणालीस, ती इथे आधीपासूनच होती, डोंगरासारखी. मी गाडीच्या टपावर बांधत होतो तर मागून ओरडलीस, "जपून रे ओत्तोरिनो, उतारावर डावीकडे ओढते ती!" मी हसलो. जिला चाकं नाहीत ती कसली ओढते? (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.)

तर हिवाळाभर मी तिच्या मागे होतो. तुला ठाऊकच आहे, मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पितळेचा झाळ कसा धरतो ते पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून शिकलो. पण माझ्यासारख्या किल्ल्या कापणाऱ्याला केसाएवढा फरक दिसतो, तो दिसत नाही इंजिनियरांना. वरचा लाल रंग खरवडला, खाली हिरवा निघाला (आतोबांच्या फाटकाचा, डब्यात उरलेला असणार), आणि त्याच्याखाली आकाशी. काय आकाशी आत्या! सांध्यांच्या टोप्यांवर कारागिराने कानशीने एकेक इवलं फूल कोरलंय. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी नव्याने आकाशी रंग चढवला, तीन हात, प्रत्येक हातानंतर आठवडाभर वाळवून. (दोन दिवसांत वाळतो म्हणणाऱ्यांच्या सायकली बघ जाऊन.)

आता माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: ही कुणासाठी केली असेल? कारण त्या काळी शर्यतीची फ्रेम म्हणजे शिवलेला सदरा. कारागीर आधी माणसाला मोजायचा, मग नळ्या कापायचा. मी देलियाच्या बारमध्ये छाती ठोकून जाहीर केलं की ही आपल्या गावच्या शर्यती जिंकणाऱ्या ग्वेरिनो स्कार्पाची. असा चढ चढणारा दुसरा झाला कोण? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पितळी पाटीवर स्कार्पाचं नावही कोरलं, स्वतःच्या हाताने, सुबक. येत्या रविवारी चौकात जुन्या सायकलींचा मेळा आहे. फादर उगो सायकलींवर तीर्थ शिंपडणार, आणि पाटी लावलेली फ्रेम बारच्या भिंतीवर चढणार.

मग एका सकाळी सहज (सहज काही नाही, झोप येत नव्हती) स्कार्पाच्या बहिणीकडे जाऊन त्याची जपून ठेवलेली विजार मोजली. आत्या, तो माणूस म्हणजे पिंप! पाय आखूड, धड लांब. आणि फ्रेम सांगते बरोबर उलटं: सीटची नळी उंच, वरची नळी आखूड. म्हणजे पाय बगळ्याचे आणि धड चिमणीचं. या फ्रेमवर स्कार्पाचे पाय पॅडलपर्यंत पोचले नसते.

आता पाटी कोरलेली, गावाला सांगितलेलं. खोटं नाव भिंतीवर टांगायचं की गावासमोर नाक कापून घ्यायचं? मी टेप घेऊन निघालो. साठीच्या पुढचा जो दिसेल त्याचं पायाचं आतलं माप. औषधवाला लाजला. खाटीक म्हणाला, "मोज, पण हाड धरून मोज." फादर उगो म्हणाले, "माझे पाय फक्त देवाला ठाऊक," मग दार लावून झगा वर केला. कुणाचंच माप बसेना. देलिया भर बारमध्ये ओरडली, "मापं सायकलीची घेतोयस की शवपेट्यांची?" अजून हसताहेत.

घरी आलो तर मिरेला आमच्या लग्नाचे फोटो पुसत होती. म्हणाली, "तुझ्या आत्याला मोजलंस का?" मी म्हटलं, शर्यतीची आहे, स्वयंपाकघराची नव्हे. तिने दोन फोटो माझ्यासमोर सरकवले. बसलेल्या फोटोत तू सगळ्यांत ठेंगणी. उभ्या फोटोत आतोबांच्या टोपीवरून तुझं कपाळ दिसतं.

मी खुर्चीत बसलो. मग उठून फ्रेमचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोजला. दीड मिलिमीटर वाकलेला, डावीकडे. उतारावर ओढणारच ती! आणि मग मला तुझी ती पहाटेची प्रार्थना आठवली. बाबा नेहमी चेष्टा करायचे: नोएमी डोंगरावरच्या देवळात पहाटेच्या प्रार्थनेला जाते आणि चुलीवरची कॉफी उतू जायच्या आत परत येते, घामाने निथळत, आणि सांगते की प्रवचन फार जळजळीत होतं.

मुलांना आशीर्वाद असू दे. तब्येतीला जप.

तुझा भाचा,
ओत्तोरिनो

ता. क. चिमटा मी सरळ केलेला नाही. विचारल्याशिवाय करणारही नाही.

ता. क. माप घ्यायची रीत: अनवाणी, भिंतीला टेकून उभी राहा, दोन पायांमध्ये प्रार्थनेचं पुस्तक घट्ट वर धर, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. सत्त्याऐंशी सेंटिमीटर भरायला हवं. शनिवारच्या आत कळव. पाटीची मागची बाजू कोरी आहे. नाव लग्नाआधीचं कोरू ना? ते माझंच आडनाव, एक अक्षर चुकणार नाही.

ता. क. आतोबा, हे फक्त तुमच्यासाठी. माप ती देणार नाही, पुन्हा डोंगराचं नाव पुढे करेल. म्हणून आत्ताच चष्मा वर करा आणि तिच्याकडे बघा. रागावली असेल तर घेवड्याला नवा मांडव मी बांधून देतो. हसत असेल तर पाटी उलटी लावतो. आणि खुर्ची रिकामी असेल, आणि गोठ्यातून हवा भरायचा पंप शोधल्याचा आवाज येत असेल, तर टेप राहू द्या. रविवारी तिला घेऊन या.