दोन्ही ग्लास काठोकाठ

प्रताप नगर, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. शामलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊजी गेल्यावर तुझी लेक भूमिका सातवीला माझ्याकडे आली, त्याला महिना झाला. शाळेत तिच्या वर्गाचे गणित माझ्याकडेच आहे. काल विचारले, दोन वाट्या रव्याला पाच वाट्या पाणी, तर चार वाट्यांना किती? ती 'मले येते' म्हणत उठली आणि सात म्हणाली. दोनात दोन मिळवले, म्हणून पाचातही दोन. सारा वर्ग हसला, मीही हसले. तास संपेपर्यंत तिला उभी ठेवली. उमरेडला हातमागावर बसायला एवढे गणित पुरते, इथे नाही.

खाण्यापिण्याची काळजी नको. माझ्या मयुराला आणि तिला रोज सारखाच ग्लास काठोकाठ भरून दूध देते. शेजारच्या यमुताई कौतुक करतात.

दुखरी पाठ सांभाळ, माया आहे ती राहू दे.
तुझी जाऊ,
लतिका

१८ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर बोलताना मोठी आई शेजारीच बसते, म्हणून लिहिते आहे. प्रमाण मला आता समजले. सुताला लावायची खळ करताना तू पीठ दुप्पट घेतलेस की पाणीही दुप्पट घालतेस, तेच हे.

मग मी ओट्याजवळ उभी राहून मोजले. मयुराच्या ग्लासात सहा पळ्या दूध. माझ्या ग्लासात दोन पळ्या दूध, चार पळ्या पाणी. ग्लास दोन्ही काठोकाठ. वरणाचेही तसेच आहे. आई, मला भूक लागते. मला न्यायला ये. मोठ्या आईला सांगू नकोस.

तुझीच,
भूमिका

२० ऑगस्ट

चि. शामलास,
अनेक आशीर्वाद.

सोबतचे पत्र भूमिकाने पेटीत टाकायला मयुराजवळ दिले होते. मयुराने ते मला आणून दिले. लाल शाईने तपासले आहे. उत्तर बरोबर, पण 'एकास दोन' असे सोपे रूप दिले नाही, म्हणून अर्धा गुण कापला.

मला राग नाही. आता दोन्ही ग्लास त्याच मापाने भूमिकाच भरते, मला मोजून दाखवते. एक थेंब इकडेतिकडे होत नाही. न्यायची असेल तर रविवारी ये. मात्र एकदा गेली की परत घेणार नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
लतिका

उमरेड
२६ ऑगस्ट

ती. ताईंस,
शि. सा. न.

भूमिकाचे चुकले. तिच्यासाठी मी आपले पाय धरते.

रविवारी पहाटे पिशवी भरून बसथांब्यावर गेले होते. दोन बसेस सोडल्या आणि घरी आले. इथे आणली तर माझ्या पाठीमुळे उद्यापासून तीच मागावर बसेल, आणि शाळा सुटेल ती सुटेलच. तिला हे पत्र वाचून दाखवा. आई येणार नाही, ग्लासात असेल ते पीत जा, म्हणावे.

आणि ताई, दुधाच्या दोन पळ्या जास्त वाटत असतील तर एकच घालू द्या. पण तिला दहावीपर्यंत ठेवून घ्या.

आपल्या मायेची आशा धरून,
शामला