हरिबाच्या ओट्यापाशी वळताना

शिरूर,
फेब्रुवारी १९५८

चि. सौ. हेलन हीस, प्रभूच्या दयेनं अजून याच जगात असलेल्या नथानिएलदादाचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

दानिएलरावांचा गुडघा कसा आहे? दौंडची थंडी आणि रेल्वेची रात्रपाळी, दोन्ही गुडघ्याला वाईट. मुलांचा खोकला गेला का? माझी तब्येत, तुला कळली आहे त्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. ‘जिवंत आहे, पत्र येतंय’ अशी उलट तार मी केलीच होती. तुझी दुखवट्याची तार मी स्वतः सही करून घेतली. (तारवाल्यानं सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.) तारेत माणूस शब्द मोजून घालतो, तरी तू माझ्यासाठी ‘प्रेमळ’ हा शब्द घातलास. जिवंतपणी पानपानभर पत्रांत तो मला कधी सापडला नव्हता. असो. मी मेलो अशी बातमी दौंडला कशी पोचली, ते आता शांतपणे ऐक.

गेल्या महिन्यात म्हस्कूची कडब्याची गाडी आपल्या आळीत अडकली. बैल पुढं जाईनात, मागं येईनात. साखरबाईची भाकरी कडब्याच्या एका अंगाला आणि नवरा दुसऱ्या अंगाला राहिला. तो बिचारा पेंढ्यांवरून चढून जेवायला गेला. मग नगरपालिकेनं एक तरुण ओव्हरसियर पाठवला. मुलगा पुण्याचा पण भला. त्यानं फक्कीच्या रेघा मारून तीन मार्ग समजावले. पहिला, दोन्ही बाजूंचे ओटे भिंतीपर्यंत कापायचे म्हणजे मोटारसुद्धा जाईल. दुसरा, आळीच्या तोंडाशी दगड रोवून गाड्या कायमच्या बंद करायच्या. तिसरा, आळी आहे तशी ठेवून गाडीवाट मागच्या परड्यांतून काढायची. सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हणाला. आपल्या आळीला ‘मिळून ठरवा’ म्हणणं म्हणजे मांजरांना दूध वाटून घ्या म्हणण्यासारखं!

सभा अर्थातच वळणावरच्या हरिबाच्या ओट्यावर भरली. दगड रोवायचं म्हटल्याबरोबर म्हस्कू उठला. “गाडी काय डोक्यावर घिऊन जाऊ व्हय?” ओटे कापायचं म्हटल्यावर हरिबाची भामाबाई पदर खोचून पुढं आली. “ओटा ग्येला तर मी भांडू कुठं बसून?” हरिबा मात्र तंबाखू मळत गप्प. त्याच्या घरची मेंढरं जाऊन मळा आला त्याला किती वर्षं झाली, पण चारचौघांत अजून तो कळपामागं उभा असल्यासारखा उभा राहतो.

मला मात्र गप्प बसवेना. हेलन, तुला आठवतं ना, मध्ये उभं राहून हात पसरले की तुझी बोटं एका भिंतीला आणि माझी दुसऱ्या भिंतीला लागायची. तुझ्या लग्नात गाडी आत येईना म्हणून तुझी पाठवणी चालत झाली. त्यामुळंच तुला दारादारांत थांबता आलं. सरूबाईनं ओटीत ओलं खोबरं घातलं आणि तू रडत रडत ते खाल्लंस. रस्ता रुंद असता तर गाडीत बसून भुर्रकन गेली असतीस. मला ही आळी अरुंदच आवडते, हे मी सभेत सांगितलं. (म्हस्कू म्हणाला, “मास्तरला गाडी न्हाई, त्याचं काय जातंय.” खरं आहे.)

तेवढ्यात ओव्हरसियरनं विचारलं की या वळणावरून वळणारी सर्वांत लांब वस्तू कोणती? म्हस्कू म्हणाला, माझी गाडी. योसेफ सुतार म्हणाला, आमची पेटी. ओव्हरसियरला पेटी कळेना. तेव्हा त्याला सांगावं लागलं की आपल्या ख्रिस्ती लोकांची मातीची पेटी, म्हणजे दफनाला न्यायची शवपेटी, खांद्यावर असताना इथं वळतच नाही. ती हरिबाच्या ओट्यावर टेकवायची, माणसांनी वळसा घालून पलीकडं जायचं आणि तिथून पुन्हा उचलायची. त्याला खरं वाटेना. मग करूनच दाखवू, असं ठरलं. दयाबाईंनी आपली पेटी योसेफकडून आगाऊ करून घेतली आहे आणि सध्या तिच्यात बाजरी ठेवतात, हे तुला माहीत नसेल. बाजरी काढली, पेटी आणली. पण रिकाम्या पेटीनं काय कळणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वजनदार आणि पेन्शनीत निघालेला असा मी एकटाच. (दयाबाईंची एकच अट होती, चपला काढून झोपा.)

ऊन तोंडावर येत होतं म्हणून मीच झाकण लावायला सांगितलं. तिथंच घोटाळा झाला. झाकण लागलं, पेटी खांद्यावर चढली आणि हाताला जी सवय ती गळ्यालाही, त्यामुळं योसेफनं मातीचं गीत सुरू केलं. बाकीच्यांनी धरलं. भामाबाईनं सवयीनं पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर पाणी शिंपडलं. साखरबाई सवयीनं रडू लागली, ती थांबेचना. नेमका त्याच वेळी दौंडच्या गाडीवरचा कंडक्टर संपत जेवून निघाला होता. त्यानं टोपी काढली आणि कोण म्हणून विचारलं. योसेफ गाता गाता म्हणाला, “मास्तर.” त्यात खोटं काहीच नव्हतं. संपत गाडी घेऊन गेला आणि बातमी तुझ्या दारात पोचली.

आता आतलं सांगतो. पेटी ओट्यावर टेकली. बाजरीचा वास, अंधार आणि माणसांची पावलं लांब जाताना ऐकू येत होती. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. एवढ्यात झाकणावर कुणाचा तरी हात पडला आणि तिथंच राहिला. नंतर कळलं, दर वेळी माणसं पलीकडं पोचेपर्यंत हरिबा असाच हात ठेवून उभा असतो. आपल्या बाबांच्या वेळी त्याच्या वडिलांनी ठेवला होता. माझी हन्ना, तुझी वहिनी, गेली तेव्हा मीही वळसा घालून पलीकडं गेलो होतो, आणि तेवढा वेळ ती एकटी पडली याची रुखरुख मला आजवर होती. ती एकटी नव्हती, हेलन. मला पेटीत रडू आलं. बाहेर आलो तेव्हा कानात बाजरी आणि डोळ्यांत पाणी होतं. लोकांना वाटलं, कोंडा गेला.

सभेचा निकाल काय लागला, ते इतकं महत्त्वाचं नाही. दानिएलरावांना सलाम, मुलांना गोड पापे.

तुझा,
नथानिएलदादा

ता. क. माझ्या मातीसाठी दानिएलरावांनी काढलेली रजा परत करू नये. रविवारी सगळे या. दयाबाईंच्या त्याच बाजरीच्या भाकरी आहेत.

ता. क. दुसरा. निकाल थोडासा महत्त्वाचा आहे. ओटा वाचवायचा तर गाडीवाट मागूनच हवी, आणि मागं आपलंच परडं आहे. मी पेटीत उठून बसलो आणि सगळ्यांदेखत ते देऊन टाकलं. माझी वाटणी आणि तुझीही. बाबांनी लावलेली सीताफळं जातील. तुला विचारायला हवं होतं, पण पेटीतून दौंडला कसं विचारणार? तू नाही म्हणालीस तर ओटा कापतील. रागाव, पण हो म्हण.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तर हरिबा आला. त्याला हे पत्र वाचून दाखवलं. तंबाखू मळता मळता म्हणाला, “मास्तर, आमची तिरडी घरातनंच उचलत्यात, इसावा म्होरं वाटंत. तुमच्या समद्यांला टेकवलं, पर आमाला ह्या वट्यावर कवा टेकाया गावायचं न्हाई. माझ्या येळंला नव्या वाटंनं न्या आन् तुमच्या परड्यात इसावा करा. माझी मानसं खांदा बदलत्याली, तवर हात तुमी ठिवा.” मी हो म्हटलं. तेही तुला न विचारता.