मुद्देमाल

तळवली,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मितेश,

आम्ही बरे आहोत. आईंचे गुडघे दुखतातच. प्राचीला चित्रकलेत बक्षीस मिळालं. तळोजा जेलमध्ये पत्रं वाचून मग देतात म्हणे, म्हणून नीट अक्षरात लिहिते आहे.

आपला डंपर अजून पोलीस स्टेशनच्या भिंतीला लागून उभा आहे. आरटीओचे साहेब तपासून गेले. ब्रेक चांगले आहेत. बाबा मात्र येईल त्याला ब्रेक फेल झाल्याचंच सांगतात. मी मध्ये बोलत नाही.

प्राचीची शाळेची रिक्षा तिथूनच जाते. पुढच्या काचेवर तू हौसेने तिचं नाव घातलंस, ते मुलं तिला ओरडून दाखवतात. परवा मी ब्लेड घेऊन खरवडायला गेले. हवालदार म्हणाला, "वहिनी, हात नका लावू. मुद्देमाल आहे."

"नाव पण?"

"नाव पण."

शेजारी एक बाई उभी होती. आपल्या डंपरखाली गेला आणि घरात ज्याचं नाव आपण घेत नाही, त्या जोतीरामची बायको, संघमित्रा. रोज येते म्हणे, गाडी बघायला. काचेकडे बघून तिने विचारलं, "प्राची कोण?"

"माझी मुलगी."

"कितवीला?"

"तिसरीला."

"माझा चौथीला," ती म्हणाली.

विमा संपलेला होता. वकील म्हणतात, अशी गाडी भरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय सुटत नाही. तीन महिन्यांत दिलं नाही, तर कोर्ट लिलाव करतं आणि पैसे मेलेल्याच्या घरच्यांसाठी जमा होतात. तारण म्हणजे माझ्या नावच्या दोन खोल्या. बाबा रोज म्हणतात, "सही कर गो. गारी हाय त घर हाय."

त्यांचं चुकत नाही. गाडी सुटली, तर तू आल्यावर तुला धंदा आहे. पण सध्या त्या खोल्यांच्या भाड्यावर आम्ही जेवतो. आणि गाडी सुटली, की तूच चालवशील. तू प्यायला होतास. हे आपल्या घरात अजून कुणी म्हटलेलं नाही.

मुदत पुढच्या सोमवारी संपते. बाबांना वाटतं, मी सही करायला कोर्टात चालले आहे. मी वकिलांना सांगणार आहे, तारण देत नाही, लिलाव होऊ दे.

बाबांना घरी आल्यावर सांगेन. तुला आधी सांगते आहे, कारण अजून तुझी बायको आहे.

नमिता