निवाऱ्याच्या राखणदाराला नारळ

४ जाने.
गावची खोली गेली. आमच्या आचऱ्याची किती पोरं त्या खोलीत राहून मुंबईत कामाला लागली, मी शेवटचा. इमारत पाडणार. बिऱ्हाडवाल्यांना दुसरीकडे जागा. आम्हा एकट्या सड्यांना काय नाय. सडा म्हणजे माणूस नाय वाटतं. पिशवी उचलून पालिकेच्या निवाऱ्यात आलो.
मॅनेजर साळुंखे बोलला, आधी इथं म्हातारे नायतर दारुडे यायचे. आता कामावर जाणारी सडी पोरं येतात, चार्जर घेऊन. वाढतच चाललीत.
म्हटलं, मग प्लग वाढवा.

५ जाने.
नवीन जागा. फाटकाजवळ राखणदाराला नारळ ठेवला. आमच्यात ठेवतातच. तो जागेचा देव. जागा त्याची, आपण मागून आलेले. साळुंखे विचारतो, हा कचरा कुणाचा?
मालकाचा, म्हटलं.

९ जाने.
रात्रभर मासळी बाजारात बर्फ फोडायचा, टोपल्या चढवायच्या. सकाळी सातला येतो तर आठला निवाऱ्याला कुलूप, ते संध्याकाळी उघडणार. रात्री खाट रिकामी, दिवसा मी रस्त्यावर. बागेत आडवा झालो, वॉचमनने काठी टोचली.
शेजारच्या खाटेवरचा तिवारी रात्री एटीएमवर पहारा देतो. त्याची पण तीच गत. वर मला बोलतो, तेरे से मछली की बास आती है. म्हटलं, फुकट घेतोस, गप घे.

१२ जाने.
आयेचा फोन. तिला वाटतं मी अजून गावच्या खोलीतच. बोलता बोलता विचारून बसलो, नारळ हातात धरून राखणदाराला गाऱ्हाणं घालताना आधी काय म्हणायचं? तिने उलट विचारलं,
"खोलयेच्या राखणदाराक नारळ तुझ्या बापाशीनच दिल्लो. तू खंयच्या नव्या जाग्यार आसस रे?"
नारळाने पकडून दिलं. सांगितलं सगळं.
"घराक ये, बाबू."
"येतलंय गो. पण हाकलल्यानी म्हणान नाय."
मग तिने गाऱ्हाणं कसं सुरू करायचं ते सांगितलं.

१७ जाने.
संध्याकाळी पालिकेच्या बाई आल्या. कुणाला काही अडचण? सगळे आपापल्या चादरीकडे बघत. साळुंखे बोलला, सगळे समाधानी आहेत मॅडम.
उठलो. नारळ नव्हता, तिवारीची पाण्याची बाटली धरली दोन्ही हातांत.
"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! जो रातचो राबता, तेका दिवसाची झोप गावांदे, म्हाराजा!"
तिवारीला आधीच शिकवून ठेवलेलं. "होय म्हाराजा!"
"आठाचा कुलूप उघडा ऱ्हवांदे, म्हाराजा!"
ह्या खेपेला अख्खा हॉल. यूपी, बिहार, सोलापूर, सगळे होय म्हाराजा. बाईंना हसू आवरेना. बघते म्हणाल्या. बघते म्हणजे काय ते...
त्या गेल्यावर साळुंखे जवळ आला. उद्या आठला पहिला तू बाहेर. पिशवीसकट.

१८ जाने.
आठ वाजून गेले. साळुंखे कुलूप घेऊन दारात. मी खाटेवर आडवा पडून लिहितोय. तिवारी डोक्यावरून चादर घेऊन पडलाय. बाकीच्यांची दिवसाची कामं, तरी कोणी उठत नाय. साळुंखे एकदा ओरडला. आता नुसता उभा आहे.
सकाळी येताना बघितलं, फाटकाजवळ नवा नारळ आहे. मी ठेवलेला नाय.