दोनशे चौदा लग्ने आणि मेन स्विच

सुरत, बुधवार, ३० जुलै २०२५.

सकाळी साडेसहाला पाणी भरले. नऊ वाजता शेजारच्या ताराबाईंकडे जाऊन आलो. वीस मिनिटे बसलो. चहा झाला नाही. घरी येऊन भात टाकला आणि लिहायला बसलो. उद्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे.

मी सुकदेव दोधू बडगुजर, वय ६४, निवृत्त लूम फिटर, राहणार गोडादरा, सुरत, मूळचा अमळनेर तालुक्यातला. हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि कोणी शेजारी बसून सांगत नाही. पत्नी कमल नऊ वर्षांपूर्वी वारली. एकुलता मुलगा योगराज मागच्या वर्षी एप्रिलमध्ये सहा दिवसांच्या तापात गेला. माझे जे आहे ते त्याचेच होणार होते, म्हणून आजवर मृत्युपत्राची गरज वाटली नव्हती.

१. गोडादऱ्याचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे असेल ते माझी सून उज्ज्वला हिला द्यावे. मागच्या मार्गशीर्षात तिचे दुसरे लग्न झाले, ती नंदुरबारला असते. ते लग्न मी स्वतः पुढे होऊन लावले. त्यामुळे ती परकी झाली असे कोणी म्हणू नये.

२. पाने, पक्कड, टेस्टर आणि लोखंडी पेटी माझा चुलतभाऊ भटू याला. योगराजच्या तेराव्याला त्याच्या हार्ड डिस्कांचे खोके पाहून भटू म्हणाला होता, “हाई भंगार इकी टाक, दादा.” विकून टाक म्हणाला, ते मी विसरलेलो नाही. पण तो फिटर चांगला आहे आणि हत्यारे त्याच्या हातात चालतील.

३. खिडकीजवळच्या फळीवर एक डबी आहे, तिला दोन डिस्क जोडलेल्या आहेत. ती काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे कोणी उचलून टाकणार नाही.

योगराज लग्नाचे व्हिडिओ काढायचा. लिंबायत, उधना आणि आमची सोसायटी मिळून दोनशे चौदा लग्ने. ती एकोणीस डिस्कांवर पसरलेली होती. सगळी एका जागी ठेवायची आणि घरातल्या कोणत्याही फोनवर दिसायला हवीत, असे त्याच्या मनात होते. त्यासाठी त्याने एका वहीच्या पानावर तीन सिंगल बोर्ड कॉम्प्युटर, म्हणजे तळहातावर मावणारे छोटे कॉम्प्युटर, लिहून ठेवले होते. पहिला सगळे वापरतात तो. दुसरा सर्वात वेगवान. तिसरा फारसे नाव नसलेला. पहिल्या दोघांपुढे लिहिले होते, ‘पंखा लागतो’. तिसऱ्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह.

तो गेल्यावर चार महिने ते पान माझ्या खिशात होते. मग त्याचा मित्र शुभम, ज्याचे उधन्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे, त्याच्याकडे गेलो. शुभम म्हणाला, पहिला घ्या काका, काही अडले तर विचारायला माणसे मिळतात. मी दोन दिवस विचार केला. आमच्या मागच्या भिंतीला लूमचे खाते, म्हणजे कारखाना आहे. धाग्याचे तूस घरात येते, पंखा तीन महिन्यांत बसतो. शिवाय पहिल्याला दोन्ही डिस्क एका बारीक वायरवर चालवाव्या लागतात. डिस्क सुरू होताना मोटरीसारखाच जास्त करंट ओढते, तेव्हा वायर दमते. तिसऱ्याला डिस्कसाठी दोन वेगळी कनेक्शने बोर्डवरच आहेत, पंखा नाही, ॲल्युमिनियमचे कवच उष्णता खेचून घेते, आणि तो बारा व्होल्टवर चालतो म्हणजे छोटी बॅटरी लावता येते. मी तिसरा घेतला, तीच ही डबी. योगराजनेही तोच घेतला असता असे मला वाटते. विचारता आले नाही.

दोन्ही डिस्कवर सारखाच माल आहे. एक गेली तर दुसरी राहते. हे मला उशिरा कळले.

४. हे कलम वाटणीचे नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात कानबाईच्या सणाला आम्ही गावी निघालो. योगराज रिक्षा आणायला गेला होता. त्याचा जुना कॉम्प्युटर रात्रीपासून ताराबाईंच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ एका डिस्कवरून दुसरीवर हलवत होता. घर सोडताना मी मेन पाडला. खात्यात चौतीस वर्षे सुट्टीला जाताना मेन पाडूनच निघालो, हात आपोआप वर गेला. व्हिडिओ गेला. त्याच दिवाळीत ताराबाईंचे यजमान निंबा महाजन वारले. चालते-बोलते निंबाभाऊ फक्त त्या व्हिडिओत होते, असेच तेव्हा सगळ्यांना वाटत होते.

ताराबाई दारात आल्या आणि सगळ्या गल्लीसमोर योगराजला म्हणाल्या की, तुझ्या हातात आता कोणी कॅमेरा देणार नाही. आणि खरेच कामे कमी झाली. मी दाराच्या आत उभा होतो. आत येऊन योगराज मला एवढेच म्हणाला, “तुम्हीन काही सांगू नका. मना हातथीन व्हयनं.” आपल्या हातून झाले, असे त्याने शेवटपर्यंत सांगितले. मी सांगू दिले.

या वर्षी डबीत सगळी लग्ने भरून झाल्यावर मी ती एकेक करून पाहिली. निंबाभाऊ सहा लग्नांत सापडले. कुठे पंगतीत वाढताना, कुठे बँडपुढे नाचताना. जोडून नऊ मिनिटे होतात. योगराज कुठेच दिसत नाही, तो कॅमेऱ्यामागे आहे. पण आवाज येतो, “निंबा मामा, जरा इकडे बघा.”

ही नऊ मिनिटे ताराबाईंना माझ्या मागे मिळावीत, असे मी आधीच्या मसुद्यात लिहिले होते. काल वाचताना लक्षात आले की हेही दाराच्या आत उभे राहण्यासारखेच आहे. म्हणून आज सकाळी स्वतः पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि मेन कोणी पाडला ते सांगितले. त्यांनी टीव्हीवर नऊ मिनिटे पाहिली. मग म्हणाल्या, “दोन वरीस तुम्ही माझ्या दारावरून गेलात.” मी हो म्हणालो. “तुम्हना चहा आज नही ठेवस मी,” त्या म्हणाल्या. पेनड्राइव्ह ठेवून घेतला. मी चप्पल घालत असताना आतून पुन्हा योगराजचा आवाज आला. त्यांनी व्हिडिओ परत लावला होता.

५. डबी, डिस्क आणि बॅटरी शुभमकडे जावी. ज्याचे लग्न त्यात आहे त्याने मागितले तर प्रत द्यावी. उज्ज्वलाला मी विचारले होते. ती म्हणाली, “बाबा, फोटो द्या, आवाज नको.” तिला फोटोच द्यावेत. पुढे कधी तिने आवाज मागितला तर शुभमने कारण विचारू नये. डबी बंद करायची झाल्यास आधी फोनवरून बंद करावी, हिरवा दिवा विझू द्यावा, मगच वायर काढावी.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: सुकदेव दोधू बडगुजर
साक्षीदार: १. हेमराज काशिनाथ चौधरी २. विकास रामदास शिंपी
स्थळ: गोडादरा, सुरत. दिनांक ३० जुलै २०२५, दुपारी साडेतीन.

सहीनंतरची नोंद, मृत्युपत्राचा भाग नाही. हेमराज आणि विकास आजच कानबाईसाठी गावी निघाले. गल्लीत बहुतेक दारांना कुलपे आहेत. दवाखान्यात उद्या सकाळी आठला यायला सांगितले आहे, मी आज शुभमकडे मुक्कामाला जातो. पिशवी भरली, गॅस बंद केला. हात मेनकडे गेला होता, खाली घेतला. पंखा, ट्यूबलाइट आणि मोरीतला दिवा एकेका बटणाने बंद केला. फळीवरचा हिरवा दिवा चालू आहे ते पाहिले आणि बाहेरून कुलूप लावले.