रविवारच्या बाप्तिस्म्याचं कुंड

तीर्थस्वरूप हेस्टर आत्या हिला तिच्या फिरस्त्या भाच्याचा, अँब्रोजचा, जमिनीपर्यंत वाकून नमस्कार. तुझी कंबर, तुझ्या कोंबड्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. मी बरा आहे, डावा अंगठा सोडून.

तू म्हणशील, याचं पत्र आलं म्हणजे नोकरी गेली. अजून गेलेली नाही! वेदरकोटच्या चर्चमध्ये झाडलोट करणं, घंटा वाजवणं आणि पडझड सावरणं या कामावर मला अकरा आठवडे झाले (टोपल्या विणण्याच्या नोकरीत नऊच टिकलो होतो). आणि आत्या, इथून मी हलणार नाही. ही इमारत माझ्यासारखीच आहे, कुठलंच काम एका दमात पुरं झालेलं नाही. उत्तरेच्या कमानी गोल, दक्षिणेच्या टोकदार. मधे शंभर वर्षं गेली आणि गवंड्यांची आवड बदलली. गाभारा तर मधोमध नाहीच, जरा डावीकडे कललाय. तरी आठशे वर्षांत त्याला कोणी हाकललं नाही.

मला मात्र हाकलणार आहेत. झालं असं, की मनोऱ्यातले सुटे दगड टोपलीत भरून दोरीने खालच्या झडपेतून सोडायचे होते. दोरी तुळईला बांधणारच होतो, तेवढ्यात भिंतीवर कोरलेली नावं दिसली. तीनशे वर्षांपूर्वीच्या घंटावाल्यांची. एकाने दुसऱ्याला गाढव म्हटलंय आणि खाली दुसऱ्याने उत्तर दिलंय (ते तुला लिहिण्यासारखं नाही). वाचता वाचता गाठ मारायची राहिली. टोपली सुटली, दोरी धरायला गेलो म्हणून अंगठा सोलला, आणि खाली नेमकं बाप्तिस्म्याचं कुंड. पांढऱ्या संगमरवराचे तीन तुकडे, बाकी भुगा.

हे कुंड कारभारी थ्रिंगसाहेबांच्या आजोबांनी दिलेलं. त्यात येत्या रविवारी थ्रिंगसाहेबांच्याच नातीचा बाप्तिस्मा! "रविवारी इथे कुंड दिसलं नाही, तर सोमवारी तू दिसायचा नाहीस," ते म्हणाले. आमचे पाद्रीबाबा व्हेल स्वभावाने मवाळ. "सुपाच्या भांड्यात उरकू या का?" त्यांनी विचारलं. "माझी नात काय बटाटा आहे?" थ्रिंगसाहेब कडाडले.

तेव्हा पितळ घासणाऱ्या मर्सी कटल आजी, हातातलं फडकं न थांबवता, थ्रिंगसाहेबांना म्हणाल्या, "ओबडाया, तुझ्या आजोबाने हा पांढरा चकचकाट आणला तेव्हा जुनं दगडी कुंड बाहेर काढलं की! माझ्या आईचा बाप्तिस्मा त्यात झालेला. गोल, जाडजूड, भोवती स्वतःचीच शेपटी चावणारं जनावर. चेटकिणींनी पाणी चोरू नये म्हणून झाकणाला कुलूप असायचं. पुढे कोणीतरी लोखंड उपटलं, त्याची दोन भोकं काठावर राहिली."

"मग आता कुठे आहे ते?"

"आजोबालाच विचार. दक्षिणेच्या भिंतीपाशी थडग्यात झोपलाय."

मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, की शनिवारी ते कुंड इथे असेल आणि रविवारी नात त्यात असेल. आजवर दिलेले शब्द वेगळे, आत्या. हा मी पाळणार.

तुझाच,
अँब्रोज

ता.क. तुझी डुकरीण ज्यात जेवते तो दगड लहानपणी मी शंभरदा घासलाय. काठाला दोन भोकं आहेत. ते शेपटी चावणारं जनावर मला आतोबांचं चित्र वाटायचं.

आणखी ता.क. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. डुकरिणीसाठी लाकडी डोण स्वतः केली आहे, ती आणतो. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळव. पत्र पोचेपर्यंत मी निघालेला असेन.

शेवटचं ता.क. तुझे आभार मानायला पाद्रीबाबाही येतायत. इतकी वर्षं कुंडाची आबाळ तर झाली नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, आत्या रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने भरते. त्यांचे डोळे पाणावले. तेवढं ते नीट विसळून ठेव.