एक्झॉस्टचा पुशरॉड

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी गाडी उघडली. महिनाभर इंजिनातून टकटक येत होती. एक्झॉस्टच्या लिफ्टरच्या तोंडावर खड्डे पडलेत, आणि त्यावर उभा राहून व्हॉल्व्ह उघडतो तो पुशरॉड किंचित वाकलाय. इनलेटचं बरं आहे, पण बदलायचं तर दोन्हीकडचं. लखनौत नोकरीला लागलो त्या हिवाळ्यात घेतलेली साडेतीनशे सीसी मोटरसायकल. तेव्हापासून तिच्या इंजिनला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.
वसुधा : "फरशीवर तेल सांडू नका." जुई खिडकीतून : "बाबा, नई ले लो यार." लेक तेवीस वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.

५ नोव्हें., बुध.
कीटकशास्त्राच्या इन्स्टिट्यूटमधून अर्धी रजा. सरोजिनी नगरला जमीलभाईंच्या दुकानात. पुशरॉड दोन तऱ्हेचे. "लोहे वाली ले जाइए डॉक्टर साहब, कभी मुड़ेगी नहीं." पण लोखंडी जड. स्प्रिंगा जुन्या आहेत, त्यांच्यावर ताण नको. पहिल्यापासून होते तसे अॅल्युमिनियमचेच घ्यायचे ठरवलं. काउंटरच्या काचेवर सहा लोळवून पाहिले. खालून उजेड एकसारखा दिसला ते दोन बाजूला काढले. जमीलभाई हसले : "लौकी भी ऐसे ही छाँटते हैं क्या?"
मग नवे लिफ्टर. "उँगली फेरिए, शीशा है शीशा." बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. उजेडात धरून डोळ्यांनी पाहिलं, मग म्हणालो, "हाँ, बढ़िया है."

८ नोव्हें., शनि.
दिवसभर जोडणी. दुपारी चार वाजता पुशरॉड लावायला बसलो. इंजिन थंड, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. रॉड वर-खाली हलता कामा नये, पण दोन बोटांत धरून फिरवला तर फिरला पाहिजे. याला मोजायची पट्टी नाही, बोटंच.
इनलेट लगेच जमला. एक्झॉ. तीनदा सैल, तीनदा घट्ट. शेवटी फिरला. चेकनट आवळला. दुसऱ्या किकला सुरू.
टकटक अजिबात नाही. फार शांत. जरा जास्तच…

९ नोव्हें., रवि.
वसुधाला मागे बसवून शहराबाहेर बख्शी का तालाबला. तिला शेतावरची मटर हवी होती. येताना चहाला थांबलो, गाडी परत सुरू होईना. किक पोकळ जात होती, आत दाबच नाही. तासभर बाकावर. व. ओढणीत मटर सोलत बसली.
"काय झालं?"
"तापलीय."
खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. एक्झॉ. पुशरॉड घट्ट राहिलाय. तापला की व्हॉल्व्ह मिटत नाही. असंच चालवलं तर व्हॉल्व्ह जळणार. थंड झाल्यावर एका किकला सुरू झाली.
अशी चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. नवीन होतो तेव्हाही नाही.

१० नोव्हें., सोम.
प्रयोगशाळेत मावा किडीचे पंख स्लाइडवर पसरवत होतो. तीन फाटले. शालिनीला, म्हणजे माझ्या हाताखालच्या मुलीला म्हणालो, सुया बोथट झाल्यात. तिने नव्या आणून दिल्या. चौथाही फाटला.
इथे तरी लिहून ठेवतो. दोन्ही हातांचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. पातळ हातमोजे घातल्यासारखी बधिर. ऑगस्टपासून. कोणाला सांगितलेलं नाही. साखर थोडी जास्त असते हे माहीत आहे, बस.

१५ नोव्हें., शनि.
पुन्हा तेच काम. एक्झॉ. सैल केला, हळूहळू आणत गेलो, बोटांत फिरवला. फिरतोय. तरी तासभर तिथेच. जुई चहा घेऊन आली, शेजारी स्टूल ओढून बसली.
"इतना टाइम क्यों लग रहा है?"
"बघ, फिरतोय ना?"
तिने माझा हात बाजूला केला, स्वतःची बोटं घातली.
"बाबा, ये तो घूम ही नहीं रहा."
"आत्ता फिरत होता."
"आपकी उँगली फिसल रही है. रॉड वहीं का वहीं है."
तेलकट रॉडवरून माझी बोटं सरकत होती आणि मी समजत होतो रॉड फिरतोय. गेल्या शनिवारीही असंच झालं असणार.
ती रॉडकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. "कब से?"
सांगितलं. ऑगस्ट म्हटल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अच्छा. पहले ये करते हैं. पाना आप पकड़िए."
मी पाने धरले, तिने रॉड बोटांत. कितपत सैल हवं ते मला शब्दांत सांगता येईना. जरा फिरव, अजून, नाही, तितकं नको. शेवटी तिनेच विचारलं, "भीगे चने का छिलका जैसे सरकता है, वैसे?" हो. अगदी तसं. चेकनट आवळल्यावर पुन्हा पाहायला लावलं, कारण आवळताना बदलतं. बदललं होतं. पुन्हा केलं.
हात धुताना म्हणाली, "मम्मी को आप बताएँगे या मैं?"

१६ नोव्हें., रवि.
मीच सांगितलं. व. पोळ्या लाटत होती, थांबली नाही. तवा उतरवल्यावर म्हणाली, "मागच्या महिन्यात बोट कापलं होतं तुमचं. मी रक्त दाखवल्यावर तुम्हाला कळलं. तेव्हाच मला वाटलं होतं."
"मग विचारलं का नाहीस?"
"तुम्ही सांगाल म्हणून."
मग पहिली पोळी माझ्या ताटात वाढली. रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

१८ नोव्हें., मंगळ.
शालिनीला खरं सांगितलं. पंख ती बसवणार, ओळखायचं काम माझं. "ठीक है सर," म्हणाली, आणि तेवढ्यावर माझ्या टेबलावरच्या सुया उचलून घेऊन गेली. बरं वाटलं, आणि नाहीही.

२० नोव्हें., गुरु.
डॉक्टर. साखर, बी-ट्वेल्व्ह, पुढच्या आठवड्यात नसांची तपासणी. तोवर गाडी नाही, क्लच-ब्रेकचा अंदाज चुकेल म्हणाले. "उँगलियों में एहसास वापस आएगा?" विचारलं. "देखते हैं. देर से आए हैं आप."

२३ नोव्हें., रवि.
जुई चालवणार म्हणाली, मी मागे. छावणीच्या रिकाम्या रस्त्यांवरून तीन फेऱ्या. गियर बदलताना धक्के देते, पण इंजिनचं ऐकते. पूर्ण तापल्यावर बंद करायला लावली. पाच मिनिटं थांबलो. किक. पहिल्याच किकला सुरू.
ती : "हल्की टिक-टिक आ रही है."
"असू दे. तेवढी हवीच."
परतताना मागच्या सीटवर हात कुठे ठेवायचे ते कळेना. इतक्या वर्षांत मागे कधी बसलोच नव्हतो.

२५ नोव्हें., मंगळ.
तपासणी. तारा लावून झटके, ते झालं. मग डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि पिन घेऊन एकेक बोट. "यहाँ? अब?" बऱ्याच ठिकाणी नाही म्हणालो. डाव्या अंगठ्याच्या शेजारच्या बोटाला "हाँ" म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.
रिक्षात बसल्यावर विचार करत राहिलो. खरंच टोचलं होतं, की आता टोचायला हवं असं वाटून बोलून गेलो?
घरी आल्यावर व.ला हे सांगितलं. ती थोडा वेळ माझं ते बोट हातात धरून बसली.
"उद्या फोन करा आणि जसं आहे तसं सांगा त्यांना," म्हणाली.